गुरुपदी बसलेला शिष्य

काही वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत आम्ही आमच्या शब्बाथशाळेची पंधरा-वीस मुले घेऊन बऱ्हाणपूरची जुनी स्थळे पाहावयास निघालो होतो. तापीचा घाट झाला, शाही किल्ला झाला, आणि दुपारी आम्ही जामा मशिदीत आलो. तेथे भिंतीवर अरबी लेखाबरोबर देवनागरी अक्षरांत कोरलेला एक संस्कृत लेखही आहे. मुलांपैकी एकाने तो पाहिला आणि विचारले, "सर, मशिदीत संस्कृत कसं काय? काय लिहिलंय त्यात?"

आम्हाला ते ठाऊक नव्हते. आणि ठाऊक नाही असे म्हणणे जिभेवर आले नाही. वीस मुलांसमोर शिक्षक म्हणून उभे होतो ना! आम्ही म्हणालो, "काही नाही रे, राजाची स्तुती असते अशा लेखात. चला पुढे."

जवळच एक वृद्ध मुसलमान गृहस्थ बसले होते. ते उठून आमच्याकडे आले व अदबीने म्हणाले, "मास्टरसाहेब, मुलाला थोडं सांगू का?" मग त्यांनी सांगितले की, लेखाचा आरंभ राजापासून होत नाही, सृष्टी निर्माण करणाऱ्याला वंदन करून होतो. त्यानंतर फारुकी राजांची वंशावळ येते, आणि शेवटी मशीद बांधविणाऱ्या आदिलशहाचे नाव व काळ येतो. संवत १६४६, शके १५११, शिवाय तिथी, वार आणि नक्षत्रसुद्धा. ज्या राजाने हे लिहविले तो मुसलमान, ज्याने रचले तो संस्कृत जाणणारा पंडित, आणि दोघांनी मिळून पहिले नाव घेतले ते निर्माणकर्त्याचे.

मुले ऐकत होती. आम्हीही ऐकत होतो. पण मान खाली घालून. आमचे अज्ञान उघडे पडले याचे दुःख फारसे नव्हते. दुःख होते ते निराळेच. जो शिक्षक दगडावरच्या लेखाविषयी अंदाजाने बोलतो, तो शुभवर्तमानाविषयीही अंदाजानेच बोलत नसेल कशावरून? तो प्रश्न त्या मुलाने विचारला नाही, पण त्याने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिच्यात तो होता असे आम्हाला वाटले.

तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घोळत आहे. जो शिकवितो त्याने शिकावे काय, आणि शिकावे तर कोणापासून? आपल्या मंडळीतल्या, आपल्या विश्वासाच्या माणसापासूनच, की बाहेरच्यापासूनही? आणि बाहेरच्यापासून शिकलो तर त्याचे ऋण मानावे किती? हा प्रश्न वाचकांपुढे मांडताना आम्हाला एका जर्मन विद्वानाच्या आयुष्याची आठवण होते, म्हणून प्रथम त्याची ओळख करून देतो.

फ्रान्झ कीलहॉर्न यांचा जन्म ३१ मे १८४० रोजी जर्मनीतील ओस्नाब्रुक येथे झाला. तरुणपणी त्यांनी गॉटिंगेन येथे बेन्फाय, ब्रेस्लाऊ येथे स्टेन्झलर आणि बर्लिन येथे वेबर या नामांकित प्राध्यापकांपाशी संस्कृतचा अभ्यास केला. १८६२ साली त्यांना डॉक्टर ही पदवी मिळाली. पुढे काही वर्षे ते इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे होते. १८६६ साली, वयाच्या अवघ्या पंचविशीत, त्यांची नेमणूक पुण्याच्या महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून झाली. हेच ते महाविद्यालय, जे १८२१ साली विश्रामबागवाड्यात पाठशाळा म्हणून सुरू झाले आणि पुढे डेक्कन कॉलेज या नावाने येरवड्याच्या इमारतीत गेले. तेथे त्यांच्यापूर्वी मार्टिन हौग नावाचे दुसरे जर्मन पंडित त्या पदावर होते. कीलहॉर्न पुण्यात सुमारे पंधरा वर्षे राहिले. १८८१ च्या अखेरीस ते मायदेशी परतले, आणि गॉटिंगेनच्या विद्यापीठात १९०८ साली मृत्यू येईपर्यंत संस्कृत शिकवीत राहिले.

आता विचार करा. निरनिराळ्या विद्यापीठांत शिकलेला, डॉक्टर झालेला, सरकारने नेमलेला हा तरुण प्राध्यापक. त्याला पुण्यात आणखी काय शिकावयाचे होते? कागदावर पाहिले तर काहीच नाही. पण कीलहॉर्न यांची आवड व्याकरणात होती, आणि व्याकरण म्हणजे पाणिनीची सुमारे चार हजार सूत्रे, त्यांवर कात्यायनाची वार्तिके, आणि त्या दोहोंवर पतंजलीचे महाभाष्य. हे महाभाष्य संवादाच्या रूपाने लिहिलेले आहे. एकजण शंका काढतो, दुसरा अर्धवट उत्तर देतो, तिसरा ते खोडतो, आणि शेवटी सिद्धांत येतो. पण कोणते वाक्य कोणाचे हे ग्रंथात लिहिलेले नसते. नवख्या वाचकाला शंका काढणाराचे बोलणेच ग्रंथकाराचे मत वाटू शकते. कोण केव्हा बोलतो हे पुस्तकावरून पुरते कळत नाही. ते गुरूच्या तोंडून, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या पाठावरून कळते.

आणि तो पाठ ऑक्सफर्डला नव्हता, बर्लिनला नव्हता. तो पुण्यातल्या शास्त्र्यांपाशी होता. म्हणून प्राध्यापक कीलहॉर्न पुण्यात शिष्य झाले. अनंतशास्त्री पेंढरकर यांच्यासारख्या वैयाकरणापासून ते व्याकरण शिकले. काशीस राहिलेले महाराष्ट्रीय पंडित नागेशभट्ट यांचा परिभाषेन्दुशेखर हा ग्रंथ शास्त्र्यांमध्येही कठीण समजला जातो. तो कीलहॉर्न यांनी मूळ संस्कृतासह आणि इंग्रजी भाषांतर व टिपांसह १८६८ ते १८७४ या काळात प्रसिद्ध केला. त्यानंतर १८८० ते १८८५ या वर्षांत महाभाष्याची तीन खंडांची आवृत्ती त्यांनी निरनिराळी हस्तलिखिते ताडून काढली. ती इतकी नेटकी निघाली की शंभर वर्षे उलटून गेल्यावरही अभ्यासक तिचाच आधार घेतात. पुढे पुण्याच्या काशिनाथ वासुदेव अभ्यंकरांनी ती सुधारून भांडारकर संस्थेतर्फे पुन्हा प्रसिद्ध केली.

सकाळी जो खुर्चीवर बसून शिकवितो, त्याने इतर वेळी दुसऱ्यापुढे पोथी उघडून शिकावयास बसावे, ही गोष्ट वाचावयास सोपी आहे. करावयास सोपी नाही. त्या काळी तर फारच कठीण होती. प्राध्यापक राज्यकर्त्यांच्या बाजूचा, शास्त्री जिंकलेल्या देशाचा. प्राध्यापकाचा पगार व मान मोठा, शास्त्र्याचा लहान. तरीही ज्ञानाच्या बाबतीत उलटे नाते मान्य करणे, हे आम्हाला नम्रतेचे खरे उदाहरण वाटते. आपण किती हलके आहोत हे लोकांपुढे बोलून दाखविणे म्हणजे नम्रता नव्हे. समोरच्याला जे येते ते आपल्याला येत नाही हे मान्य करून, त्याच्याजवळ जाऊन ते शिकणे, ही नम्रता होय.

पण येथे चोखंदळ वाचक आम्हाला थांबवील, आणि त्याने थांबवावेच. तो म्हणेल, "हे सर्व ठीक, पण मुखपृष्ठावर नाव कोणाचे? प्राध्यापकाचे. शास्त्र्याचे नाव आज किती जणांना ठाऊक आहे? शिकून घेतले, नाव मिळविले, आणि परत गेले. यात नम्रता कसली?"

हा आक्षेप खरा आहे, आणि तो आम्ही झटकून टाकणार नाही. त्या काळची व्यवस्था न्यायाची नव्हती. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारख्या विद्वानाने मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतच्या प्राध्यापकाचे काम काही वर्षे हंगामी म्हणून केले, तरी कायमची जागा आली तेव्हा ती एका युरोपियन गृहस्थास मिळाली. कीलहॉर्न परत गेल्यावरच डेक्कन कॉलेजातील ते पद भांडारकरांकडे आले. एका माणसाच्या सौजन्याने व्यवस्थेचा अन्याय भरून निघत नाही. कीलहॉर्न चांगले शिष्य होते म्हणून शास्त्र्यांना त्यांचा वाटा मिळाला असे म्हणता येणार नाही.

मात्र दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ पाहताना आपल्या घराकडेही पाहावे. आपल्या हातातील मराठी पवित्र शास्त्र कोठून आले? विल्यम केरी यांनी १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले, तेव्हा त्यांच्या शेजारी वैजनाथ पंडित बसले होते. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, आणि त्याची मोठी सुधारलेली आवृत्ती १८५७ साली. त्यातील शब्द गोळा करणारे, त्यांचे अर्थ सांगणारे बहुतेक ब्राह्मण शास्त्री होते. या लोकांनी प्रभूचे नाव स्वीकारले नव्हते. तरी प्रभूचे वचन आपल्या आजी-आजोबांच्या कानी ज्या शब्दांतून पडले, ते शब्द त्यांनी निवडून दिले. आपण भाषांतरकारांची नावे घेतो, मिशनऱ्यांच्या स्मरणार्थ सभा भरवितो; पण या पंडितांसाठी देवाचे उपकार आपल्या उपासनेत कधी मानले आहेत काय? जे ऋण कीलहॉर्न यांच्या पदरी आपण लिहितो, तेच आपल्याही पदरी आहे. नाव न घेणे हीदेखील एक प्रकारची चोरी आहे. फक्त तिला कुलूप तोडावे लागत नाही.

आता दुसरा आक्षेप पाहू. तो मंडळीतील वडीलधाऱ्यांकडून येतो. "बाहेरच्यापासून शिकत गेलो तर आपला विश्वास डळमळणार नाही काय? सर्वांचे ऐकावयाचे म्हटले तर आपण साक्ष कशाची द्यावयाची?" ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. पण पवित्र शास्त्र काय दाखविते? मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्याय करीत बसला होता, तेव्हा हे बरे नव्हे, अशाने तू थकून जाशील, असे त्याला कोणी सांगितले? त्याचा सासरा इथ्रो याने. आणि इथ्रो हा मिद्यानी याजक होता, इस्राएली नव्हता. ज्याच्याशी देव समोरासमोर बोलत असे, त्या मोशेने आपल्या सासऱ्याचे ऐकले आणि कामाची वाटणी केली. त्याचा विश्वास त्यामुळे कमी झाला नाही. त्याच्या लोकांचा त्रास मात्र कमी झाला. तसेच प्रेषितांच्या कृत्यांत अपुल्लोस येतो. तो आलेक्सांद्रियाचा, वक्तृत्वात व शास्त्रात प्रवीण. त्याचे सभास्थानातील भाषण अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांनी ऐकले. हे दोघे तंबू करून पोट भरणारे. त्यांनी त्याला चार लोकांत टोचून बोलले नाही. आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला, आणि त्याने तो समजावून घेतला. आणि सर्वांत मोठे उदाहरण तर प्रभूचेच. बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडला तेव्हा तो शिक्षकांमध्ये बसून ऐकत होता व प्रश्न विचारीत होता. ज्याच्यापाशी उत्तरे होती तो आधी ऐकत बसला, ही गोष्ट शब्बाथशाळेच्या प्रत्येक शिक्षकाने खोलीच्या दारावर लिहून ठेवावी इतकी महत्त्वाची आहे.

पण ऐकणे म्हणजे सर्वच मान्य करणे नव्हे. येथेही कीलहॉर्न यांच्यापासून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. पाणिनीच्या सूत्रांवर कात्यायनाने जागोजाग शंका काढल्या, दुरुस्त्या सुचविल्या. त्यावरून काही विद्वानांनी असे मत दिले होते की, कात्यायन हा पाणिनीचा वैरी, दोष काढण्यासाठीच लिहिणारा. आणि पतंजली हा पाणिनीचा कैवारी. कीलहॉर्न यांनी १८७६ साली एक पुस्तक लिहून दाखविले की, तसे नाही. कात्यायन सूत्रे तपासतो. जेथे शंका निरर्थक तेथे तिचे निरसन करतो, जेथे सूत्र अपुरे तेथे भर घालतो. तो वैरी नसून प्रामाणिक परीक्षक आहे. आणि पतंजलीही आंधळा कैवारी नाही, तोही तपासतोच. एकमेकांवर टीका करणारे हे तिघे एकाच कामातले भागीदार होते, म्हणून तर त्यांना परंपरेत एकत्र मुनित्रय म्हटले जाते.

त्याच सुमारास महाभाष्याचा आज मिळणारा पाठ मूळचा आहे की नाही याविषयी वेबर यांनी शंका घेतली होती. वेबर हे बर्लिनमधील कीलहॉर्न यांचे गुरू. तरी कीलहॉर्न यांनी हस्तलिखितांचा व जुन्या ग्रंथांतील उताऱ्यांचा पुरावा घेऊन गुरूचे मत उघडपणे अमान्य केले. पुण्यातल्या शास्त्र्यापुढे जो वाकला, तो बर्लिनच्या प्राध्यापकापुढे सत्यासाठी ताठ उभा राहिला. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध नाहीत. त्या एकाच मुळाच्या दोन फांद्या आहेत. ज्याला सत्य हवे आहे तो ते जेथे सापडेल तेथे वाकतो, आणि जेथे सापडत नाही तेथे नाव कितीही मोठे असो, वाकत नाही. आपल्या मंडळ्यांत याच्या उलट फार दिसते. आपण लहानांपुढे ताठ असतो आणि मोठ्यांपुढे वाकतो. कमिटीत कोणी हिशोबाविषयी प्रश्न विचारला की तो मंडळीचा वैरी ठरतो. बायबल वर्गात कोणी तरुणाने शंका काढली की त्याचा विश्वास कच्चा ठरतो. कात्यायनाला वैरी समजणाऱ्या विद्वानांसारखीच चूक आपण दर आठवड्याला करीत असतो. तो तरुण कदाचित आपला कात्यायन असेल, आणि आपले सूत्र खरोखरच अपुरे असेल.

जर्मनीला परतल्यावर कीलहॉर्न यांनी आयुष्याचा उत्तरार्ध बराचसा कोरीव लेखांना दिला. हिंदुस्थानातून शिलांवरील व ताम्रपटांवरील लेखांचे कागदी ठसे त्यांच्याकडे जात, आणि ते गॉटिंगेनला बसून एकेक अक्षर लावीत. उत्तर व दक्षिण हिंदुस्थानातील लेखांच्या मोठ्या याद्या त्यांनी केल्या. आपल्या या मध्यप्रदेशात ज्यांनी राज्य केले त्या कलचुरींचा, म्हणजे चेदींचा, संवत इसवी सनाच्या २४८ साली सुरू झाला हे त्यांनी लेखांतील तिथी व वार यांचे गणित करून ठरविले. तिथी आणि वार जुळतात की नाही हे पाहत वर्षानुवर्षे आकडे मांडणे, हे काम कोणाच्या टाळ्या मिळविणारे नव्हे. परंतु त्यामुळे पुढे येणाऱ्यांना आधार झाला. आपल्याच प्रांतातील राय बहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील कोरीव लेखांची यादी १९१६ साली प्रसिद्ध केली, ती अशाच चिकाटीच्या कामाच्या पायावर उभी राहिली. ज्या दगडाला आम्ही एका वाक्यात उडवून लावले, तशा दगडांपुढे या माणसांनी आयुष्ये घालविली.

बऱ्हाणपूरकरांना कुंडी भंडारा सांगावयास नको. सुमारे चारशे वर्षांपूर्वी, खानखाना अब्दुर्रहीम येथे सुभेदार असताना, सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या भुयारांतून गावाकडे आणले गेले. वरून पाहिले तर नुसत्या विहिरींसारख्या कुंड्यांची रांग दिसते. प्रत्येक कुंडी निराळी, स्वतंत्र. खाली मात्र पाणी एकच वाहते. एकही कुंडी असे म्हणू शकत नाही की हे पाणी माझे. तिला ते मागच्या कुंडीकडून मिळाले आणि पुढच्या कुंडीकडे जावयाचे आहे. शिक्षकाचेही तसेच आहे. बुजलेली कुंडी स्वतः कोरडी पडते असे नाही. ती पुढच्यांचे पाणी अडविते. जो शिक्षक शिकणे थांबवितो त्याचे नुकसान त्याच्या एकट्याचे होत नाही. ते त्याच्या वर्गातील मुलांचे होते.

मग आपण काय करावे? आम्हाला तीन साध्या गोष्टी सुचतात. पहिली, वर्गात ज्याचे उत्तर येत नाही त्याला "मला ठाऊक नाही, पुढच्या रविवारी पाहून सांगतो" असे म्हणावे, आणि पुढच्या रविवारी खरोखरच पाहून सांगावे. दुसरी, जे दुसऱ्यापासून शिकलो ते सांगताना त्याचे नाव घ्यावे. मग तो पाळक असो, शेजारचा मौलवी असो, शाळेतला संस्कृतचा गुरुजी असो, की वर्गातला एखादा मुलगा असो. तिसरी, वर्षातून एक तरी नवी गोष्ट विद्यार्थी म्हणून कोणापुढे तरी बसून शिकावी. पंडिता रमाबाई संस्कृतात निष्णात होत्या. तरी खेड्यातल्या बायकांना समजेल असे शास्त्र द्यावे म्हणून त्यांनी उत्तरवयात हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास केला. आपल्याला तर एवढेही करावयाचे नाही.

त्या सहलीनंतरच्या रविवारी आम्ही वर्गापुढे उभे राहिलो आणि धडा सुरू करण्यापूर्वी म्हणालो, "मुलांनो, त्या दिवशी मशिदीत मी जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असल्यासारखं बोललो. ते चुकलं." एवढे बोलावयास आम्हाला आठवडाभर धैर्य गोळा करावे लागले. वर्ग शांत होता. मग तोच मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, मी आणि दादा काल परत गेलो होतो. त्या आजोबांनी आम्हाला पहिली ओळ वाचायला शिकवली. तुम्हाला वाचून दाखवू?"

आम्ही खुर्ची सोडून मुलांच्या बाकावर जाऊन बसलो, आणि त्याने वहीत पेन्सिलीने उतरून आणलेली अक्षरे बोट ठेवून वाचून दाखविली. दोन ठिकाणी तो अडखळला. तो धडा आम्ही आजवर दिलेल्या धड्यांपेक्षा बरा होता. देव आपल्या सर्व शिक्षकांना अशा बाकावर बसावयाची बुद्धी देवो.